लेबल नसलेली बाटली

मंदार वकील बोलायला उभा राहिला की यवतमाळच्या कोर्टात मागच्या बाकावर पेंगणारे पक्षकारसुद्धा सरळ बसत. आवाज खणखणीत, शब्द जिभेवर तयार, आणि आपण म्हणतो तेच खरं याबद्दल त्याला स्वतःला कधी तसूभर शंका नसायची. हाच आवाज महिन्याच्या पहिल्या रविवारी दुपारी लोहाऱ्याच्या एमआयडीसीत, नीळकंठच्या कारखान्यातल्या वरच्या खोलीत घुमायचा. तिथे समोर न्यायाधीश नसायचे, बिअरचे ग्लास असायचे.

चौघं जमायचे. नीळकंठ पुठ्ठ्याचे खोके बनवायचा. रविवारी मशीन बंद, त्यामुळे जागा निवांत. अनघा कॉलेजात केमिस्ट्री शिकवायची. गोपाल राळेगावकडचा, शेतकीचा पदवीधर, घरची कापूस-तुरीची शेती सांभाळणारा. तो एसटीनं यायचा आणि एसटीनंच परत जायचा, कारण बिअर चाखून गाडी चालवायची नाही हा त्यांच्या बिअर-मंडळाचा पहिला नियम होता. दुसरा नियम असा, की ज्याला जिथे जाणं होईल त्यानं तिथली क्राफ्ट बिअर चाखून यायची, म्हणजे छोट्या कारखान्यात थोडी थोडी, जीव लावून बनवलेली. जमलं तर बाटली आणायची, नाहीतर निदान चव कशी होती ते नीट सांगायचं. तर्र व्हायला तिथे कोणीच येत नव्हतं. दोन-तीन बाटल्या चौघांत वाटल्यावर वाट्याला येऊन येऊन किती येणार?

मंडळ मंदारनं २०१९ साली काढलं. तेव्हापासून आधी तो बोलायचा, मग बाकीचे. अनघा सगळ्यांची मतं एका लांब वहीत लिहून ठेवायची.

एक गोष्ट मात्र मंडळात कोणालाच ठाऊक नव्हती. २०२१च्या मे महिन्यात मंदारला कोरोना झाला. तो खडखडीत बरा झाला, पण वास गेला तो गेलाच. गोड, आंबट, कडू जिभेला कळायचं. नाकाला काही म्हणजे काही कळत नव्हतं. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, येईल तर येईल, खात्री देता येत नाही. घरी बायकोला, अर्पिताला, हे माहीत होतं. दूध लागलं की नाही ते तीच बघायची. कोर्टात नाकाशिवाय काही अडत नव्हतं. पण मंडळात काय सांगणार? ज्यानं या सगळ्यांना ग्लास नाकाशी धरायला शिकवलं, त्याचंच नाक बंद! मंदारनं सोपा मार्ग काढला. बाटलीमागचं लेबल वाचायचं, लोकांनी इंटरनेटवर काय लिहिलंय ते सकाळी बघून ठेवायचं, आणि दुपारी ठासून सांगायचं. दोन-अडीच वर्षं हे बिनबोभाट चाललं होतं. इतकं, की कधी कधी त्याला स्वतःलाच वाटायचं, खरंच संत्र्याच्या सालीचा वास आला.

दिवाळीनंतरच्या त्या रविवारी सगळे खुशीत होते. नीळकंठ गोव्याला जाऊन आला होता.

"कोकम घातलेली होती," तो म्हणाला. "रंग एकदम गुलाबी. मला वाटलं सरबतच लागणार. पण आंबटपणा असा हळू चढत गेला, की दुसऱ्या घोटाला मी समुद्राकडे बघायचंच विसरलो."

अनघा पुण्यात भाचीकडे गव्हाची बिअर पिऊन आली होती. "साल काळी पडलेल्या केळ्यांच्या घडाचा वास," ती म्हणाली. "देवघरासमोर दोन दिवस राहिला की येतो ना, तसा."

मग गोपालनं थैलीतून दोन तपकिरी बाटल्या काढल्या. बाटल्यांवर काहीच नव्हतं. लेबल नाही, नाव नाही.

"माहा साळा आहे ना, नयन," तो म्हणाला, "तो नागपुरात एका नव्या कारखान्यात बिअर बनवते. हा त्याचा पयलाच घाणा. बाजारात जायच्या आधी त्याले खरं मत पायजे. मी म्हटलं, आमच्या वकीलसाहेबांसारखं सांगणारा नागपुरात भेटणार नाही तुले."

मंदारनं बाटली हातात घेऊन फिरवली. पुढे कोरी, मागे कोरी. वाचायला काहीच नव्हतं, पण तीस-तीस पानांचे दावे न वाचता उभं राहायची सवय होती त्याला. नीळकंठनं झाकण उडवलं, ग्लासांत ओतलं. बिअर काळपट, चहाच्या कोऱ्या काढ्यासारखी. काळी बिअर म्हणजे काय, हे मंदारला पाठ होतं. त्यानं ग्लास नाकाशी धरला, डोळे मिटले, एक घोट घेतला आणि खुर्चीत मागे रेलला.

"कॉफी," तो म्हणाला. "ताजी दळलेली. तिच्यामागून चॉकलेट, आणि अगदी शेवटी थोडासा गूळ. नयनला सांग गोपाल, पहिल्या घाण्यात इतका स्वच्छ कॉफीचा वास आणणं सोपं नाही."

नेहमी तो बोलला की अनघाचा पेन चालू व्हायचा. आज पेन वहीवर तसाच थांबला होता. नीळकंठ एकदा ग्लासाकडे, एकदा मंदारकडे बघत होता.

"मंदार," अनघा हळूच म्हणाली, "धूर?"

"कसला धूर?"

"झाकण उघडल्याबरोबर खोलीभर धुराचा वास आलाय. कोणी खाली चूल पेटवली की काय, असं वाटलं मला."

"बरोबर, धूर आहेच," मंदार लगेच म्हणाला. "मी त्यावर येणारच होतो. कॉफी भाजताना जो धूर असतो..."

"वकीलसाहेब," गोपालनं त्याला मधेच थांबवलं. त्याच्या बोलण्यात ना चिडणं होतं ना टोमणा. बैल लंगडतोय का विचारावं, तसं त्यानं विचारलं. "तुमाले वास येत नाही का?"

मंदार हसला. हसता हसता उत्तर शोधत होता, आणि उत्तरं सापडतही होती. सर्दी झालीय म्हणता आलं असतं. सकाळी लसणाची चटणी खाल्ली म्हणता आलं असतं. पण गोपाल उत्तराची वाट बघत शांत बसला होता, आणि नागपुरात एका माणसाला खरं मत हवं होतं. मंदारनं ग्लास टेबलावर ठेवला.

"नाही येत," तो कोर्टातल्या त्याच खणखणीत आवाजात म्हणाला. "एकवीसच्या मे महिन्यापासून अजिबात येत नाही. आतापर्यंत जे सांगितलं ते सगळं लेबल वाचून."

नीळकंठचा चेहरा आधी लाल झाला. "अरे, गेल्या वर्षी तू संत्र्याची साल म्हणालास म्हणून मी अर्धा तास ग्लासात नाक खुपसून बसलो होतो! मला काही लागेना. माझंच नाक गेलं म्हणून मी डॉक्टरकडे जाऊन आलो, ठाऊक आहे?" आणि एवढं बोलून तो स्वतःच खो खो हसत सुटला. गोपालही हसला.

अनघा हसली नाही. तिनं वहीची मागची पानं उलटली आणि एक पान मंदारसमोर धरलं. एका ओळीवर आडवी रेघ होती.

"हे बघ. मी 'भिजवलेली ज्वारी' लिहिलं होतं. तू लवंग म्हणालास, म्हणून मी ज्वारी खोडली. अशी किती पानं असतील?"

मंदारनं ती खोडलेली ओळ वाचली. "चुकलं माझं," तो म्हणाला. ते दोन शब्द त्यानं कोर्टात कधी वापरले नव्हते.

अनघानं नवं पान उघडलं. "बरं. आता खरं सांग. तुला काय कळतंय?"

"वासाशिवाय काय सांगणार?"

"ते तू ठरवू नकोस. घोट घे आणि सांग."

मंदारनं घोट घेतला. या वेळी डोळे मिटले ते दाखवायला नाही. घोट तोंडात घोळवला, मग सावकाश गिळला.

"फेस जाड आहे," तो हळूहळू म्हणाला. "सायीसारखा, ओठाला चिकटतो. बिअर आत जाताना गुळगुळीत जाते. आधी गोड. मग कडूपण जिभेच्या पार मागे, एका जागी बसून राहतं. आणि गिळल्यावर घसा कोरडा पडतो, कच्चा आवळा खाल्ल्यासारखा." त्यानं अजून एक घोट घेतला. "हा कोरडेपणा मला खटकतो. पहिल्या ग्लासानंतर दुसरा घ्यावासा वाटणार नाही."

"मले तर दुसराच काय, चौथा बी घ्यावासा वाटून राह्यला," गोपाल म्हणाला.

"तो धुरासाठी. तू धूर पितोयस, गोपाल. मी बिअर पितोय."

नीळकंठनं पुन्हा घोट घेऊन घसा तपासला. "अरे, पडतोय खरा कोरडा," तो म्हणाला. अनघाचं म्हणणं, कोरडेपणा आहे, पण धुरासोबत तो शोभतो. पाच मिनिटांत चौघांचे आवाज चढले. चार वर्षांत मंडळात असा वाद कधी झालाच नव्हता. होणार कसा? मंदार सांगायचा आणि बाकीचे माना डोलवायचे.

गोपालनं नयनला फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि वहीतली चौघांची मतं वाचून दाखवली. धुराबद्दलचं कौतुक नयननं ऐकून घेतलं. मंदारचं मत ऐकल्यावर तो म्हणाला, "तो कोरडेपणा मी मुद्दाम ठेवला आहे ना, साहेब. धान्यच धुरावर वाळवलं आहे, अन् धूर जड असते. घसा साफ झाला नाही तर माणूस कंटाळते."

"साफ होणं वेगळं आणि कोरड पडणं वेगळं," मंदार म्हणाला आणि फोन उचलून खिडकीपाशी गेला. तिथे उभं राहून तो नयनशी पुरता अर्धा तास भांडला. एकही शब्द उसना नव्हता. नयन हटला नाही, मंदारही हटला नाही. फोन ठेवला तेव्हा मंदारच्या कपाळावर घाम होता आणि तो फार खूश दिसत होता.

पुढच्या महिन्यापासून अनघानं चिठ्ठ्या टाकायला सुरुवात केली. ज्याचं नाव निघेल त्यानं आधी बोलायचं. पहिल्याच वेळी मंदारची चिठ्ठी सगळ्यात शेवटी निघाली. बाटली नीळकंठची होती, महागाची, आणि आधीच्या तिघांनी तिची तोंडभरून स्तुती केली होती. पिकलेला पेरू, अनघा म्हणाली. गोपालला नुकत्याच कापलेल्या गवताचा वास आला.

मंदारनं सगळं ऐकून घेतलं. त्यातला एकही वास त्याच्यापर्यंत पोचणार नव्हता, आणि ऐकताना आत कुठेतरी बारीक दुखलंच. मग त्यानं घोट घेतला.

"मला नाही आवडली," तो म्हणाला. "पाणचट आहे. तोंडात थांबतच नाही."

"पाणचट?" नीळकंठ उठूनच उभा राहिला. "पाणचट म्हणतोस हिला?"

नीळकंठची बायको कुंदा गरम सांबारवडीची, म्हणजे कोथिंबीर भरून तळलेल्या वड्यांची, परात घेऊन जिना चढून वर आली, तर चौघंही एकदम बोलत होते. परात कुठे ठेवावी ते तिला कळेना.

"भांडण कशावरून आहे?" तिनं विचारलं.

"चवीवरून, वहिनी," मंदार म्हणाला आणि तिच्यासाठी खुर्ची ओढली. "बसा. तुम्ही सांगा, ही पाणचट आहे की नाही?"