आवाजाची बाटली

समीक्षाने बर्फातून पहिली बाटली काढली, कापडाने पुसली आणि तिचं लेबल आदर्शच्या समोर धरलं.

"ही स्पेनची काव्हा. हिचा फेस शॅम्पेनसारखाच बाटलीतल्या बाटलीत तयार होतो. पण शॅम्पेन म्हणायचं ते फ्रान्सच्या त्याच एका भागातल्या वाईनला. बाकी कुणाला ते नाव लावता येत नाही."

"आपल्या पेणच्या गणपतीसारखं," आदर्श म्हणाला.

"पेणच्या गणपतीचं नाव कोणीही लावतं," भूमिका म्हणाली. दोघांचा साखरपुडा कालच पेणला झाला होता आणि आज ते आदर्शची आजी गिरजाबाई यांना घेऊन रोह्याजवळच्या या नदीकाठच्या रिसॉर्टवर जेवायला आले होते. वाईन वाढणाऱ्या मुलीची आज परीक्षा आहे, चालेल का, असं विचारल्यावर सगळ्यांत आधी आजीच हो म्हणाल्या होत्या.

"आणि ही दुसरी इटलीची प्रोसेको. हिचा फेस मोठ्या बंद टाकीत तयार करतात, म्हणून चव ताज्या फळासारखी लागते. काव्हावर ब्रूट लिहिलंय, ती कोरडी. प्रोसेकोवर एक्स्ट्रा ड्राय लिहिलंय, ती जरा गोडसर."

"एक्स्ट्रा ड्राय, आणि गोडसर?" भूमिकाने विचारलं.

"हो. इथेच सगळे फसतात. मीपण फसले होते."

"दारू सुकी कशी असंल गो?" गिरजाबाईंनी विचारलं. "सुकटीसारखी?"

"गोडवा नसला की सुकी, आजी."

"मंग आमचा आदर्श सुकाच हाय."

भूमिकाला इतकं हसू आलं की तिने तोंडावर रुमाल धरला. थोड्या अंतरावर उभ्या असलेल्या सुरभी मॅडमही हसल्या आणि त्यांनी हातातल्या कागदावर बरोबरची खूण केली. त्या मुंबईहून आलेल्या परीक्षक. समीक्षा गेलं वर्षभर इथे ताटं वाढत होती. आज पास झाली, तर मुंबईतल्या मोठ्या हॉटेलात सोमेलिएचं काम शिकायला जायचं होतं. पाहुण्याला वाईन निवडून द्यायची आणि रीतीने वाढायची, ते काम. नाही झाली, तर उद्यापासून पुन्हा ताटं.

तोंडी प्रश्न झाले. आता बाटली उघडायची होती. परीक्षेतला अवघड भाग हाच. बूच घट्ट धरायचं, बाटली खालून फिरवायची आणि आतली हवा अशी सोडायची की शेजारच्या टेबलालाही कळता कामा नये. आवाज झाला की नापास, तिथे दयामाया नाही.

आता ही शिस्त कुणाला शिकायची होती, तर मोरू सोडावाल्याच्या मुलीला. मोरूंचं पेणजवळच्या गडब गावी, हायवेवर गोटी सोड्याचं दुकान. बाप सोडा विकतो, पोर दारू शिकते, आता जावई तेवढा शेंगदाणेवाला बघा, असं म्हणून गावाने त्यांना भंडावून सोडलं होतं. मोरूंनी मनावर घेतलं नाही. रिसॉर्टमधल्या रिकाम्या बाटल्यांत त्यांनी सोडा भरला, प्लास्टिकची बुचं ठोकली, तारा आवळल्या आणि लेकीला सरावाला दिल्या. पहिल्या कितीतरी बुचांनी दुकानाचा पत्रा ठोकून काढला. मग एके दिवशी नुसतंच फुस्स झालं. समीक्षा आनंदाने उडी मारून ओरडली आणि मोरू मात्र बाटलीकडे बघत राहिले.

"येवढीच गंमत?" त्यांनी विचारलं होतं.

आज तसंच फुस्स झालं. समीक्षाच्या बोटांना बूच सुटल्याचं कळलं, कानांना नाही. तिचा आनंद गगनात मावेना, पण चेहरा तिने सरळ ठेवला. ग्लास तिरपे न करता, फेस बसू देत देत तिने आदर्शला वाढलं, भूमिकाला वाढलं. सुरभी मॅडम जवळ येऊन हळूच म्हणाल्या, "उत्तम. दुसरीही अशीच, की झालं."

मग समीक्षा गिरजाबाईंकडे वळली. आजी दोन्ही कानांत बोटं घालून, डोळे गच्च मिटून बसल्या होत्या.

"आजी," आदर्शने त्यांच्या दंडाला हात लावला. "झालं."

"काय झालं?"

"बाटली उघडली."

"कवा?"

"आत्ताच. आवाज करायचा नसतो यात."

"टीवीत तं करतात," गिरजाबाई म्हणाल्या. मग कुणाला वाईट वाटू नये म्हणून हसल्या. "बरं बरं. ऱ्हाऊ दे." आणि कानांतून काढलेली बोटं त्यांनी पदराला पुसली.

समीक्षाला वडिलांचं दुकान आठवलं. दुकानावर पोरं अशीच उभी राहतात, गोटी आत पडायच्या आधी. डोळे मिटलेले, कानांत बोटं. त्यांच्यातलं एकही पोर आजवर आवाजाशिवाय परत गेलेलं नव्हतं.

तिने बर्फातून प्रोसेको काढली. तार सोडवली. बुचावर टाकलेला रुमाल उचलून खांद्यावर घेतला आणि बाटलीचं तोंड नदीकडे केलं.

"आजी," ती म्हणाली, "घाला बोटं."

असा बार उडाला की पलीकडच्या झाडावरचे बगळे उठले. बूच गवतात कुठेतरी गेलं. फेस मनगटावरून कोपरापर्यंत ओघळला आणि गिरजाबाई बोटं काढून टाळ्या वाजवू लागल्या.

सुरभी मॅडम जवळ आल्या. "हातातून सुटली का?" त्यांनी खालच्या आवाजात विचारलं. "सुटली असेल तर तसं लिहिते. आणखी एक बाटली उघडायला देता येईल."

समीक्षाने कोपरावरचा फेस पुसला. मुंबई अगदी हाताशी आली होती.

"नाही मॅडम. मी सोडली."

मॅडमनी कागदावर एक ओळ खोडली. समीक्षाला रडू येईलसं वाटलं, आणि त्याच वेळी इतकं मोकळं वाटलं की तिलाच नवल वाटलं. उरलेली प्रोसेको घेऊन ती गिरजाबाईंच्या ग्लासाकडे गेली, तर आजींनी ग्लासावर हात ठेवला.

"मला नको गो. मी नाय पीत."

"मग?"

"आवाजासाठी आलते."

सुरभी मॅडमनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"मार्चमध्ये पुन्हा परीक्षा आहे," त्या समीक्षाला अगदी हळू म्हणाल्या. "या. फक्त या आजींना बोलावू नका."

ते मात्र गिरजाबाईंना नेमकं ऐकू गेलं.

"मार्चात?" त्यांनी विचारलं. "कंच्या तारखेला गो?"