कानात सांगणारा

“तुझं पोर माझ्याकडं कशाला येईल?” चिंतामण माइकपाशी तोंड नेऊन कुजबुजला. काचेपलीकडे हेडफोन लावून बसलेल्या लालासाहेबांनी तेच वाक्य असं फेकलं, की अबोलीला खुर्चीत बसल्या बसल्या हसू फुटलं.

सांगलीत एका क्लासच्या वरच्या मजल्यावर, भिंतींना फोम चिकटवून तिने हा स्टुडिओ केला होता. एका परदेशी कार्टून मालिकेला ती मराठी आवाज देत होती. तिरसट बाप, त्याचं शेंडेफळ आणि शेजारी राहणारा जुना वैरी. आजच्या भागात पोर हरवतं, बाप गावभर वैऱ्याच्या नावानं शंख करतो आणि पोर सापडतं ते वैऱ्याच्याच घरी, जेवूनखाऊन झोपलेलं. या वैऱ्याचा आवाज कुंडलच्या लालासाहेबांकडे होता. एकेकाळी हौशी नाटकं गाजवलेला माणूस; पण साखरेने डोळे नेले, कागद वाचता येईना. म्हणून ओळी कानात सांगायला तिने बँकेतून निवृत्त झालेल्या चिंतामणला बोलावलं. त्याने बरीच वर्षं नाटकांना प्रॉम्प्टिंग केलं होतं, एवढंच तिला ठाऊक होतं.

ते का सुटलं, हे ठाऊक नव्हतं. एका स्पर्धेत लालासाहेब ऐन रंगात वाक्य विसरले. चिंतामणने विंगेतून पुन्हा पुन्हा सांगितलं, इतकं की पहिल्या रांगेलाही ऐकू गेलं. तरी पडदा पडल्यावर लालासाहेब माइकवर म्हणाले, “काय करनार, आमचं प्रॉम्प्टर झोपलं हुतं.” सगळं नाट्यगृह हसलं. पुढे बँकेच्या काउंटरवरही लोक विचारत, “काय चिंतामणराव, झोप झाली का?” धड येणारी गोष्ट एकच, आणि नेमकं तिच्यावरूनच हसं झालं. चिंतामण पुन्हा विंगेत उभा राहिला नाही.

“माझं नाव त्यांना सांगू नकोस, उगाच अवघडतील,” असं त्याने अबोलीला बजावलं होतं. कुजबुजीवरून कोण माणूस ओळखतो? आपण का आलो, हे मात्र त्याने बायकोलाही सांगितलं नव्हतं. म्हातारा एकदा तोंडघशी पडलेला त्याला बघायचा होता.

पडद्यावर बाप दार ढकलून आत शिरला आणि ओरडला, “कुठाय माझं पोर?” यावर वैऱ्याने म्हणायचं होतं, “ओरडू नको, आत्ताच डोळा लागलाय त्याचा.” साऱ्या भागाचा जीव या एका ओळीत होता.

चिंतामणने ओठ मिटून घेतले. त्याची कुजबुज एकट्या लालासाहेबांच्याच कानात जायची आणि अबोलीची नजर पडद्यावर होती.

लालासाहेब थांबले. मान किंचित कलती करून वाट पाहत राहिले. पडद्यावरचा वैरी नुसतंच तोंड हलवून गेला. अबोलीने दृश्य मागे नेलं. चिंतामण दुसऱ्यांदाही गप्प बसला.

“पोरी,” लालासाहेब हेडफोन उतरवत म्हणाले, “माजं कानबी गेल्यात बग. दुसरं कुनी तरी घे.”

“काका, तुम्ही सांगितलं होतंत ना?” अबोलीने विचारलं.

“हो, सांगितलं की,” चिंतामण हळूच म्हणाला.

तिचा जीव टांगणीला लागला होता. काम आजच पाठवायचं होतं. बाकीची कलाकार मंडळी शेजारच्या खोलीत चहा घेत खोळंबली होती. “मग तुम्हीच म्हणाल का? लालासाहेबांना तेवढं खाली सोडून या.”

जिना अरुंद होता. लालासाहेबांचा हात चिंतामणच्या खांद्यावर, आणि आवाज ओळखू येईल म्हणून चिंतामण मुकाट. वळणावर मात्र त्यांचा पाय अधांतरी गेला आणि त्याच्या तोंडून निघालंच, “पायरी.”

“मोठ्यानं बोल की रं चिंतामण. आता काय नाटक चालू न्हाई.”

चिंतामण पायरीवरच थांबला. “तुम्ही ओळखलंत?”

“पयल्या वाक्यालाच. आमचा श्वास संपायच्या आत फुडचं वाक्य कानात. असं सांगनारा दुसरा कोन हाय?”

“मग कान गेले म्हणालात ते?”

“मग काय म्हनू? प्रॉम्प्टर झोपला म्हनू?” लालासाहेब पायाने पुढची पायरी चाचपत म्हणाले. “ते येकदा म्हनून झालंय.”

चिंतामणला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. तेव्हा नाट्यगृह हसलं होतं, पण निदान तो खरा होता. आज कुणीच हसलं नव्हतं आणि तो चोर होता.

“पोरीला काय सांगत बसू नगं,” रिक्षात बसताना लालासाहेब म्हणाले. “काम मिळतंय तर कर. आवाज हाय तुला.” रिक्षा एसटी स्टँडकडे गेली. चिंतामण जिना चढून वर आला.

वर अबोलीने माइक त्याच्या तोंडासमोर आणला. “बसा काका. तेवढी एक ओळ घेऊन टाकू.”

“मी सांगितलं नव्हतं,” चिंतामण म्हणाला. “दोन्ही वेळा मुद्दाम गप्प बसलो.”

तोंडाला सवयच तशी, नुसती कुजबुज बाहेर पडली. अबोलीने कानावरचा हेडफोन बाजूला केला. “काय म्हणालात? ऐकू नाही आलं.”

चिंतामण खुर्चीवरून उठला आणि पुन्हा तेच म्हणाला, या खेपेला खणखणीत आवाजात. शेजारच्या खोलीतल्या गप्पा थांबल्या.