दीड तास आधी पोचलेलं वांदर

"ही गोष्ट तुम्ही कोणी खरी मानणार नाही. मी तुमच्या जागी असतो तर मीसुद्धा मानली नसती," असं म्हणून काशीरामने आंब्याच्या पालथ्या खोक्यावर बूड टेकलं. टेलिफोन खात्यात तीस वर्षं खांब चढलेला हा लाइनमन. निवृत्तीनंतर खांब सुटले, गोष्टी काही सुटल्या नाहीत. समोर शेडमध्ये यंदा आंबे भरायला आलेली दमयंती पेटीत गवत पसरत होती. दारात बागेचा राखणदार दादू आधीच लाजून हसत होता, कारण गोष्ट त्याचीच होती.

बाग नझीर सोलकरांची, मिरजोळ्याच्या अंगाला. नझीर नोकरीला मस्कतमध्ये. दोन हजार आठच्या हंगामात आंबे चोरीला जाऊ नयेत म्हणून त्याने बागेत चार कॅमेरे लावले, शेडमध्ये रेकॉर्डर ठेवला, ब्रॉडबँड घेतलं आणि तिकडच्या खोलीत बसून बाग बघायला लागला. बघतो तर दादू काठी टेकून उभा. अर्ध्या तासाने बघितलं, तसाच उभा. जेवून हात पुसत आला, तरी दादूची मान तशीच वाकडी.

लगेच घरी बायकोला फोन. "रझिया, हा माणूस उभ्याउभ्या झोपतो! शुक्रवारपर्यंत हलताना दिसला नाही तर काढून टाक."

"भाभी, फेऱ्या मारून चपला झिजल्या हो माझ्या!" दादू रडकुंडीला आला. बारा वर्षांची राखण, आणि पोटावर पाय येतोय कशाने, तर चित्र अडकलं म्हणून. रझियाने काशीरामला बोलावणं धाडलं.

"म्हणजे चित्र किती उशिरा पोचायचं?" दमयंतीने विचारलं.

"गो, हा सोमवारी शिंकला, तर नझीरने बुधवारी तब्येत विचारली!"

काशीरामने सवयीने आधी खांब तपासला. सांधे कोरडे, तार ठणठणीत. शेडमधल्या टीव्हीवर पाहिलं, तर तिथे दादू झरझर फिरतोय. म्हणजे कॅमेरे चांगले. गाडं अडतंय ते शेडमधून बाहेर पडताना. त्या ब्रॉडबँडला आत यायला रस्ता होता, पण बाहेर जायला नुसती पायवाट. तिच्यावरून चार कॅमेरे एकदम, सेकंदाला पंचवीस चित्रं, तीही मोठ्यात मोठी! काशीरामने चित्र लहान केलं, सेकंदाला पाचावर आणलं आणि मस्कतला एका वेळी एकच कॅमेरा सोडला.

"हलला!" फोनवर नझीर ओरडला. "दादू हलला!" दादूने आनंदाने आणखी दोन उड्या मारल्या.

पण दुपारी तीनला दादूचा पुन्हा पुतळा झाला. दुसऱ्या दिवशीही तेच. सकाळी सुरळीत, तीन वाजले की ठप्प. गुरुवारी दुपारी काशीराम वैतागून दारात येऊन उभा राहिला, तर समुद्रावरचा वारा फडफडत तोंडावर आला. वर बघितलं, तर सगळी कलमं डोलतायत. तिथेच डोक्यात उजेड पडला.

"रेकॉर्डर मोठा चिकट गो. जेवढं हललं तेवढंच पाठवतो. दादू हलला, एक दादू पाठवला. पण चित्रात निम्मं झाड! वारा सुटला की लाखभर पानं हलतात, आणि तो बिचारा एकेक पान मस्कतला पोचवत बसतो. दादूचा नंबर लागणार कधी?"

त्याच संध्याकाळी त्याने शिडी लावून कॅमेऱ्याचं तोंड खाली वळवलं. पानं बाहेर, वाट आणि शेडचं दार आत.

इथवर सगळं खरं होतं, आणि नेमकं तेच काशीरामला खुपत होतं. रझिया चहाचे पेले घेऊन आत आली, तेव्हा त्याने आवाज खाली आणला.

"शुक्रवारी उशीर शून्यावर आला. मी तरी गप्प बसायचं ना? आणखी एक बटण दाबलं. शेडच्या घड्याळात बरोब्बर चार. वारा भणाणतोय. एक वांदर पेटीवर उतरलं, आंबा उचलला, आणि हा मेला काठी घेऊन त्याच्या मागे! संध्याकाळी नझीरचा फोन. म्हणाला, 'अडीचला दादू वांदरामागे पळताना बघितला. माणूस जागा आहे, राहू दे.' अडीचला! ऐकतेस ना? चित्र दीड तास आधी पोचलं!"

दमयंतीच्या हातातलं गवत हातातच राहिलं. "म्हणजे वांदर यायच्या आधीच?"

"आधीच! नझीरने तेव्हाच फोन केला असता तर आंबापण वाचला असता."

रझियाने पेला त्याच्यासमोर ठेवला.

"काशीकाका, पंधरा वर्षं मी घड्याळ बघून तिकडे फोन लावतेय. इथे चार वाजले की मस्कतला अडीचच वाजतात. चित्र अगदी वेळेवर पोचलं होतं, आणि तुम्ही साफ खोटं बोलताय!"