मुदतीआधी

धुरपतानं चौथ्यांदा उशीची शिवण उसवली. आधीच्या तिन्ही रविवारी तिनं ती अशीच सकाळी उसवली होती आणि दुपारी परत घातली होती. कापसात हात खुपसून तिनं फडक्याची पुरचुंडी बाहेर काढली, दाराला कडी आहे ना ते पाहिलं आणि पुरचुंडी नवऱ्याच्या, लहानूच्या पुढं ठेवली.

"मोजा."

"मागच्या रविवारीच तं मोजल्या."

"उंदरानं कुरतडल्या असन तं?"

लहानूनं नोटा मोजल्या. नऊशे भरले. तिनं ते पोलक्याच्या आत, पोटाशी बांधले आणि वरून लुगडं घट्ट आवळलं.

नाचणगावातलं हे घर दोन खोल्यांचं, वर कवेलूंचं छप्पर, मागं एक बोराचं झाड. पाच वर्षांपूर्वी, त्रेपन्न साली, पुलगावच्या बंडोपंतांकडून नऊशे रुपये उचलून लहानूनं ते विकत घेतलं आणि त्यांच्याकडंच गहाण टाकलं. बंडोपंत कचेरीतले निवृत्त कारकून. मुदत दहा वर्षांची, व्याज महिन्याला नऊ रुपये. सलग तीन महिने व्याज चुकलं तर घर त्यांचं, असं कागदावर स्पष्ट लिहिलेलं होतं. लहानू कापडगिरणीत साच्यावर कापड विणायचा. गिरणीची एक पाळी बंद होणार असं लोक पहिल्याच वर्षी बोलू लागले, आणि धुरपताच्या मनात ते 'तीन महिने' जे बसले ते हललेच नाहीत.

त्या दिवसापासून घरातला चहा बंद झाला. भाजीला तेल नव्हतं, तेलाचं बोट होतं. हंगामात ती कापूस वेचायला जायची आणि उरलेल्या महिन्यांत गोवऱ्या थापून विकायची. सख्ख्या भावाच्या लग्नात ती दंड घालून सांधलेल्या लुगड्यात उभी राहिली. लहानगी लेक कांता तापानं फणफणली तेव्हा तिनं तीन दिवस काढे दिले, पोस्टातल्या पुस्तकाला हात लावला नाही. पोर वाचली. पण ते तीन दिवस आठवले की अजूनही धुरपताच्या हातातलं काम थांबायचं.

आता पैसे पुरे झाले होते, आणि पैसे घेणारी माणसंच घेत नव्हती.

बंडोपंत मागच्या वर्षी वारले. त्यांच्या पत्नी कौशल्याबाई एकट्याच राहत. पहिल्या रविवारी त्यांनी लहानूला सांगितलं की पेटीची किल्ली सापडत नाही. दुसऱ्या रविवारी, नागपूरच्या पुतण्याला विचारते म्हणाल्या. तिसऱ्यांदा म्हणाल्या, आज अमावास्या आहे. पोस्टातून काढलेली रक्कम तीन आठवडे घरात होती. धुरपता त्या उशीवर डोकं ठेवून पडायची, झोपायची नाही.

"तानबाचंही असंच झालं होतं," पुलगावच्या वाटेवर ती म्हणाली.

तानबा त्यांच्याच आळीतला. त्यानं सावकाराला सारी रक्कम दिली, कागद मागाहून घेऊ म्हणाला. सावकार मेला, मुलानं तोच कागद कोर्टात नेला, आणि तानबाचं बिऱ्हाड रेल्वेच्या कडेला पत्र्याखाली गेलं.

"आपुन कागद घेतल्याबिगर पैसा सोडायचा नाई," लहानू म्हणाला.

"पण बाई कागद दाखवूनच नाई राह्यल्या. पुतण्याच्या हाती तं नसन गेला?"

लहानूनं पावलं उचलली.

कौशल्याबाईंचं घर स्टेशनच्या मागं. दोन वर्षांपूर्वी नागपूरला दीक्षा घेतल्यापासून लहानू कुणाच्या दारात वाकून उभा राहत नव्हता. पण या ओसरीच्या पुढं तोही कधी गेला नव्हता, आणि कुणी या म्हटलंही नव्हतं. त्यानं कडी वाजवली. दार हातभर उघडलं.

"आज परत?" कौशल्याबाई म्हणाल्या. त्यांचा हात दारावरच होता. "अरे लहानू, मुदत अजून पाच वर्षं आहे. मी कुठं तगादा लावलाय?"

"बाई, आमाले मोकळं करा. पैसा आणला हाय."

"पुढच्या महिन्यात बघू. मला आज बरं नाही."

दार लागू लागलं. धुरपता पुढं झाली आणि ओसरीवर मांडी घालून बसली.

"बाई, कागद तुमच्यापाशी हाय का नाई, तेवढं सांगा. मग म्या उठतो."

कौशल्याबाई दार तसंच अर्धवट ठेवून आत गेल्या. पेटीचं झाकण वाजलं. त्यानंतर काहीच ऐकू येईना. ओसरीवरचं ऊन पायरीपर्यंत सरकलं. मागच्या दारानं त्या कुणाला बोलवायला तर गेल्या नाहीत? कागद फाडत तर नसतील? फाटला तर पैसे दिल्याचं लिहायचं कशावर? धुरपतानं लहानूकडं पाहिलं. तो खांबाला धरून उभा होता.

"मी आत जातो," ती म्हणाली.

"धुरपते!"

ती उंबरठा ओलांडून गेली.

कौशल्याबाई स्वयंपाकघरात जमिनीवर बसल्या होत्या. कागद त्यांच्या मांडीवर होता, शिक्क्याचा, घडी न मोडलेला. धुरपताची नजर आधी त्यावर गेली आणि मगच इकडंतिकडं. चुलीशेजारी ताटलीत वापरलेली चहाची पूड वाळत घातली होती. तेलाच्या बाटलीत एक काडी होती, टोकाला चिंधी बांधलेली. काडी बुडवायची, तव्यावर फिरवायची, परत बाटलीत. धुरपताच्या घरी तशीच काडी होती. डब्यांची झाकणं उघडी होती आणि डबे रिकामे होते.

आपण आत आलो म्हणून बाई ओरडतील, असं तिला वाटलं होतं. बाई ओरडल्या नाहीत.

"तुमचे नऊ रुपये येतात," त्या म्हणाल्या. "तेवढेच येतात. दुसरं काही नाही."

"आन् पुतण्या?"

"तो दिवाळीलाही येत नाही. पण नऊशे रुपये हातात आले असं कळलं, तर उद्या गाडीनं येईल. काकू, तुम्हांला सांभाळतो म्हणेल. तू सांग, त्याला मी नाही कशी म्हणू?"

धुरपता उभीच होती. उशी, उंदीर, अमावास्या, तीन आठवड्यांत तिनं बाईंना मनातल्या मनात जे जे म्हटलं होतं ते सगळं तिला आठवलं. ती खाली बसली. पण पुरचुंडी सोडताना तिनं डावा हात पुढं करून कागद आधी आपल्या गुडघ्याखाली घेतला. तेवढं तिला केल्यावाचून राहवलं नाही.

कौशल्याबाईंनी ते पाहिलं. नोटा त्यांनी दोनदा मोजल्या. मग त्या दौत घेऊन आल्या, धुरपतानं गुडघ्याखालचा कागद पुढं केला, आणि त्यांनी त्याच्या पाठीवर 'रक्कम भरून पावली' असं लिहून सही केली. अक्षर वळणदार आलं.

"पोस्टात ठेवा," धुरपता म्हणाली. "पुस्तक तुमच्या नावाचं निंगते. तुमच्या सहीबिगर कोणाले देत नाईत."

"मी पोस्टात कधी गेले नाही गं. सगळं हेच बघायचे." कौशल्याबाईंनी नोटा पदराखाली घेतल्या. "महिन्याला नऊच काढले, तर किती पुरतील?"

धुरपतानं बोटांवर धरलं. पाच वर्षं ती असाच हिशोब करत आली होती. तो तिला पटकन आला.

"शंभर महिने. आठ वर्साच्या वर."

"मी बासष्टची आहे." कौशल्याबाईंनी पदराखालच्या नोटा चाचपल्या. "आणि मग?"

धुरपतानं धरलेली बोटं मिटली. ती कागद घेऊन बाहेर आली.

लहानूनं तो तिच्या हातातून जवळजवळ ओढूनच घेतला. रात्रीच्या वर्गात शिकलेली अक्षरं त्यानं एकेक करून लावली. पाठीवरची ओळ त्यानं मोठ्यानं वाचली, परत वाचली, आणि त्याला हसू आवरेना.

"झालं, धुरपते. सुटलो आपुन. काऊन, तू काही बोलून नाई राह्यली?"

ती ऐकत नव्हती. मागं दाराची कडी लागली. मग वरचा लाकडी अडणा आडवा पडला. भर दुपारी, रस्त्यावर माणसं असताना, आतून काहीतरी जड दाराकडं ओढत आणल्याचा आवाज येऊ लागला. थोडं ओढायचं, थांबायचं, दम घ्यायचा आणि परत ओढायचं.

धुरपता पायऱ्या चढून परत गेली आणि दाराला तोंड लावून म्हणाली,

"बाई, म्या हाय, धुरपता. उद्या सकाळी येतो. आपुन दोघी जाऊ पोस्टात."

ओढण्याचा आवाज थांबला. ती वाट पाहत उभी राहिली. आतून कुणी 'हो' म्हटलं नाही, आणि कडीही निघाली नाही.