न्यायालयात वाजलेला ड्रम

मित्रांनो, मी बँडमधला एक जुना ड्रम आहे. जुना म्हटले म्हणून नाक मुरडू नका. गल्लीच्या या टोकाला मी बोललो की त्या टोकाच्या खिडक्या आजही उघडतात. थोडी बढाई मारतो खरा, पण पोट पोकळ असणाऱ्याला तेवढी सूट द्यायला हवी.

माझा जन्म एका सुताराच्या अंगणात झाला. त्याने पातळ फळी वाफेवर मऊ करून गोल वळवली, दोन्ही बाजूंना कातडे ताणले आणि दोऱ्या आवळल्या. पहिली थाप पडली तेव्हा त्याची दुपारची झोप घेणारी आई दचकून उठली आणि त्याला चांगलीच ओरडली. ती मला मिळालेली पहिली दाद. दुसऱ्याच आठवड्यात बँडमास्तर मला खांद्यावर टाकून घेऊन गेले. ड्रम ते स्वतःच वाजवत, कारण ठेका दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायचा त्यांना धीरच होत नसे.

काय दिवस होते ते! लग्नांच्या वराती, शाळांच्या कवायती, नव्या दुकानांची उद्घाटने. मुले माझ्यामागे धावत आणि म्हातारे माना डोलावत. मी खुशीत असे.

आमच्या आवाजाचा आजाऱ्यांना त्रास होऊ नये म्हणून कायदेमंडळाने, म्हणजे लोकांनी निवडून दिलेल्या सभेने, एक कायदा केला आणि ध्वनी मंडळ नेमले. वर्षातून एकदा मंडळाचा तपासनीस येई, मला एक दणका देई, यंत्राचा काटा बघे आणि माझ्या कुशीवर चिठ्ठी चिकटवी. त्याची फी नव्या काठीच्या किमतीएवढी होती. मास्तर ती हसत भरत. मलाही तपासणी आवडे, कारण तपासनीस मोठा रसिक होता आणि एका दणक्याचे काम असताना दोन-तीन देऊन जाई.

पुढे एका वर्षी तो खाली मान घालून आला. सरकारची तिजोरी आटली होती आणि नदीवर पूल बांधायचा होता. मंडळाच्या कायद्यात एक वाक्य होते, की मंडळाने वाद्यवाल्यांकडून योग्य वाटेल तेवढी रक्कम घ्यावी. मंडळाला बिदागीचा पाचवा हिस्सा योग्य वाटला, तोही प्रत्येक कार्यक्रमाचा.

मास्तर म्हणाले, "पुलाला माझी ना नाही हो. पुलावरून मीही जाणार. पण हे ठरवलं कुणी?"

"मंडळानं."

"आणि मंडळाला निवडून कुणी दिलं?"

तपासनीसाने कान खाजवला. "मास्तर, मी नोकर माणूस. मला कशाला कात्रीत पकडता?"

मास्तरांनी हिस्सा भरला नाही. मग तपासनीसाने माझ्याभोवती तार गुंडाळली, शिशाचे सील ठोकले आणि जाताना माझ्यावर हळूच हात फिरवला. मित्रांनो, कोठीत गप्प पडून राहण्यासारखे दुःख नाही. ड्रमशिवाय बँडला कुणी बोलावीना. ट्रम्पेटवाला किराणा दुकानात नोकरी शोधू लागला. बँड मोडणार, हे मला भिंतीपलीकडच्या कुजबुजीवरून कळत होते, आणि मला रडताही येत नव्हते.

शेवटी मास्तरांची मेहुणी पुढे आली. ती वकील होती. "भाऊजी, जन्मभर तुम्हीच बडवत आलात," ती म्हणाली. "आता जरा मला बडवू द्या."

तिने मंडळावर दावा लावला आणि पुरावा म्हणून मला न्यायालयात नेले. दारातून माझे पोट आत जाईना, तेव्हा दोन शिपायांनी तिरके करून, शिव्या गिळत गिळत मला आत ढकलले. मंडळाचे वकील म्हणाले, "ही रक्कम म्हणजे तपासणीची फीच आहे. तपासणी फार किचकट आणि खर्चिक असते."

न्यायाधीशबाईंनी चष्मा वर केला. "असं? मग इथंच होऊन जाऊ दे."

सील तोडले गेले. किती दिवसांनी मी श्वास घेतला! तपासनीसाने काठी उचलली आणि असा दणका दिला की तावदाने थरथरली, खिडकीतली कबुतरे उडाली आणि मागच्या बाकावर पेंगणारा कारकून उभाच राहिला. तपासनीसाने काटा बघितला आणि चिठ्ठी चिकटवली.

"झालं?" बाईंनी विचारले.

"झालं, मॅडम."

"मग उरलेल्या पैशांचं काय करता?"

तो सरळ माणूस होता. "उरलेले पुलाला, मॅडम."

सगळे न्यायालय हसले. मंडळाचे वकील आपल्या कागदांत तोंड लपवून बसले.

निकाल आमच्या बाजूने लागला. तपासणीला जेवढा खर्च येतो तेवढी फी मंडळाने जरूर घ्यावी. तिजोरी भरण्यासाठी घेतलेला पैसा मात्र कर असतो, त्याला नाव काहीही द्या. राज्यघटनेने कर बसवण्याचा अधिकार निवडून आलेल्या सभेला दिला आहे. बारीकसारीक कामे सभेने मंडळावर खुशाल सोपवावीत, पण कर कुणी भरायचा, कशासाठी आणि जास्तीत जास्त किती, हे तिने स्वतः ठरवले पाहिजे. 'योग्य वाटेल तेवढे घ्या' असे म्हणून तिला हात झटकता येणार नाहीत.

आम्ही मंडळाच्या नियमाप्रमाणे न्यायालयापासून लांब गेलो आणि मग जे वाजवले, ते काय सांगू! मेहुणीबाई काळ्या कोटातच नाचल्या.

पूल तर हवाच होता. सभेत उघड चर्चा झाली, हात वर झाले आणि बिदागीवर एक छोटा कर बसला. त्याची मर्यादा कायद्यातच लिहिली. ट्रम्पेटवाला वैतागला. "म्हणजे भरायचं ते आहेच! मग जिंकून मिळवलं काय?"

"निवडणूक येऊ दे, मग दाखवतो," मास्तर म्हणाले.

निवडणूक आली तेव्हा आमचे आमदार मते मागायला दारात आले. मास्तरांनी त्यांना आत घेतले, माझ्या शेजारच्या स्टुलावर बसवले आणि विचारले, "साहेब, त्या करासाठी तुम्हीही हात वर केला होता ना?"

"हो... म्हणजे, पुलासाठी."

"मग पूल कुठवर आलाय?"

आमदारांनी घाम पुसला आणि खांब किती उभे झाले, किती बाकी आहेत, ते सांगू लागले. ट्रम्पेटवाला दारातून ऐकत होता. तो आत आला, खुर्ची ओढून आमदारांच्या अगदी समोर बसला आणि म्हणाला, "थांबा, साहेब. आता मला विचारायचंय."

मित्रांनो, माझी एवढीच विनंती. माझ्या दोऱ्या सैल झाल्या तर आवळा, मला ओल लागू देऊ नका. आणि तुमच्याकडे कुणी कर मागितला, तर तो ठरवणाऱ्याला बसवण्यासाठी घरात एक स्टूल ठेवा.