उशिराबद्दल खेद नाही

“आई, वायर इकडं दे. तू कायकू खाली वाकतीस?”

“राहू दे गं. मला येतं आता सगळं. तू हातपाय धू.” म्हणेपर्यंत त्रिवेणीबाई टेबलाखाली शिरल्यासुद्धा.

स्वाती दारातच हसत उभी राहिली. मिक्सरचं बटण दाबतानाही देवाचं नाव घेणारी आई आज हार्ड डिस्क लावत होती. त्रिवेणीबाईंनी वायरचं टोक कॉम्प्युटरच्या पुढच्या बाजूला खुपसलं आणि कंबर धरून उठल्या. चेहरा अगदी साळसूद.

खरी गोष्ट अशी, की लावायच्या जागा दोन होत्या. पुढची जुनी आणि मागची नवी. महिन्याभरापूर्वी स्वातीच्या वडिलांनी, मुकुंदरावांनी, बबलू मेकॅनिकला बोलावून मागे एक नवं कार्ड बसवून घेतलं होतं. कशाला, असं विचारल्यावर “जुनं झालं होतं,” एवढंच ते गुरगुरले होते. बबलूने मात्र जाता जाता रेल्वेत नोकरी करणाऱ्या त्रिवेणीबाईंना रेल्वेच्याच भाषेत समजावलं होतं, “आंटी, पीछे एक्सप्रेस, सामने पॅसेंजर. बस, इतना याद रखो.”

त्रिवेणीबाईंनी ते बरोबर लक्षात ठेवलं होतं. स्वातीला भावाच्या, संदीपच्या लग्नाचं अख्खं शूटिंग हार्ड डिस्कवर भरून न्यायचं होतं. मागे लावलं असतं तर चहाला उकळी फुटेपर्यंत काम आटोपलं असतं. पुढे लावलं तर संध्याकाळ. आणि त्यांना संध्याकाळच हवी होती, कारण मुकुंदराव गुरुवारी वाचनालयातून संध्याकाळी घरी यायचे.

गुरुवारची दुपार निवडणारी स्वातीही काही कमी हुशार नव्हती. दोन वर्षांपूर्वी तिने बँकेतली नोकरी सोडून हायटेक सिटीतली सॉफ्टवेअर कंपनी धरली. घराण्यात तीन पिढ्या सरकारी नोकरीच्या. मुकुंदराव स्वतः महसूल खात्यातून रिटायर झालेले. “परमनंट नोकरीला लाथ मारलीस, आता माझ्याशी बोलू नको,” असं ते म्हणाले आणि पोरीने ते अक्षरशः पाळलं. बाप तशी लेक. ती मैत्रिणीकडे राहायला गेली. आईला भेटायला मात्र स्टेशनवर यायची. त्रिवेणीबाई तिथे अनाउन्सर. प्लॅटफॉर्मवर आईचा आवाज ऐकत बसायची आणि ड्युटी संपली की दोघी चहा प्यायच्या.

उद्या रात्री ती दोन वर्षांसाठी अमेरिकेला निघाली होती. बापाचं तोंड न पाहता ती गेली असती तर त्रिवेणीबाईंच्या घशाखाली घास उतरला नसता.

इतक्यात स्क्रीनच्या कोपऱ्यात एक पिवळा फुगा उगवला. त्रिवेणीबाईंनी चष्मा सावरून इंग्रजी वाचलं. ही वस्तू दुसऱ्या जागी लावलीत तर अधिक वेगाने चालेल, असं ते मेलं यंत्र बिनदिक्कत सांगत होतं! घरचा भेदी म्हणतात तो हाच. फुगा मिटवायचा कसा ते बबलूने शिकवलं नव्हतं. बाई पदराने स्क्रीन पुसत फुग्यासमोर उभ्या राहिल्या.

“सरक की आई.” स्वाती येऊन बसली, माऊस हलवला, काहीतरी दाबलं. फुगा गेला. तिने वाचलं की नाही, चेहऱ्यावरून काही कळेना.

“साडेतीन तास म्हणतंय,” ती म्हणाली.

“अय्यो! एवढा उशीर?” त्रिवेणीबाई म्हणाल्या. तीस वर्षं लोकांच्या गाड्यांचा उशीर त्यांनी तीन भाषांत गोड आवाजात सांगितला होता आणि प्रत्येक वेळी खेद व्यक्त केला होता. आज स्वतः उशीर केला आणि खेद औषधालाही नव्हता.

मग धपाटे झाले. गोंगुऱ्याची, म्हणजे अंबाडीची, चटणी झाली. संदीपच्या लग्नात व्याही खुर्चीवरून कसे घसरले ते आठवून दोघी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. तारनाक्याच्या त्या दोन खोल्यांत इतकं हसू बऱ्याच दिवसांत झालं नव्हतं.

पाच वाजून गेल्यावर स्वाती चुळबुळ करायला लागली.

“आई, बाबा येतील.”

“येतील की. घर त्यांचंच आहे.”

“मी अर्धंच घेऊन जाते. उगं परेशानी नक्को.”

“अर्धं लग्न नेतात का कुठं? बस की गं जरा.”

स्वातीने पर्स खांद्याला लावली, स्क्रीनकडे पाहिलं आणि पर्स परत खाली ठेवली. त्रिवेणीबाईंचा जीव भांड्यात पडला.

फाटक वाजलं. दाराशी पावलं थांबली. दारातल्या चपला त्यांनी ओळखल्या असणार. मग मुकुंदराव आत आले, बगलेत पुस्तक. लेकीने बापाकडे पाहिलं, बापाने भिंतीकडे. भिंतीवरून त्यांची नजर टेबलाखाली गेली आणि पारा चढला.

“हे पुढं कुणी लावलं? अक्कल आहे का नाही? मागं लावायचं असतं! ही शूटिंग न्यायला येणार कळल्याबरोबर बबलूच्या मागं लागून बसवून घेतलं मी, पोरीचा खोळंबा नको म्हणून, आणि तुम्ही...”

काय बोलून गेलो ते त्यांच्या उशिरा ध्यानात आलं. ते वाकून वायर काढायला निघाले.

“राहू द्या बाबा,” स्वाती म्हणाली. “मला माहितंय. दुपारीच फुगा आला होता. मीच बंद केला.”

त्रिवेणीबाई ओशाळून हसल्या. मुकुंदरावांनी आधी बायकोकडे पाहिलं, मग लेकीकडे, आणि हळूच खुर्ची ओढून बसले.

“विमान कधी?”

“उद्या रात्री.”

“हं.” बराच वेळ ते पुस्तक या हातातून त्या हातात करत राहिले. “तिथली नोकरी... परमनंट आहे का?”

स्वातीला हसू आवरेना. मुकुंदरावांनी रागवायचा प्रयत्न केला, पण त्यांच्याही मिशा हलल्याच. मग विमानतळावर कोण कोण येणार, सामान किती, तिकडे थंडी केवढी, प्रश्नांवर प्रश्न सुरू झाले. दोन वर्षांचं साचलेलं होतं.

त्रिवेणीबाई चहाचे कप घेऊन दारात आल्या. स्क्रीनवरची कॉपीची पट्टी पूर्ण भरली आणि ती चौकट आपोआप मिटली. बोलण्यात गुंतलेल्या बापलेकींना पत्ताही नव्हता.

त्यांनी ते पाहिलं. कप हळूच टेबलावर ठेवले. आणि आयुष्यात पहिल्यांदाच, गाडी पोहोचल्याची सूचना त्यांनी दिली नाही.