अ‍ॅसिड दमलंय

"हा बघ, उकडलेल्या बटाट्यासारखा सोलला जातोय," सासूबाई सुनेच्या कानाशी पुटपुटल्या. "लोकांनी तोंड धुवायचं, की नळाची सालं काढत बसायचं?"

परत आलेला नळ त्यांच्या हातात होता. नखाने खरवडलं तरी निकेलचा पापुद्रा उठत होता आणि खालचं पितळ दात काढल्यासारखं दिसत होतं. दोघींच्याही डोळ्यांत पाणी होतं, पण ते काही नळाच्या दुःखाने नव्हे. आज खोलीतली हवाच झोंबत होती. सुनेने नळ घाईघाईने एप्रनच्या खिशात कोंबला आणि दाराकडे पाहिलं. सासऱ्यांची, म्हणजे बाबांची, यायची वेळ झाली होती.

घराच्या मागच्या अंगाला त्यांचा प्लेटिंगचा, म्हणजे धातूवर मुलामा चढवायचा कारखाना. कारखाना म्हणायचं आपलं. एक लांबट खोली, भिंतीलगत टाक्या आणि फिरण्यापेक्षा कुरकुरच जास्त करणारा एक पंखा. नळ, कड्या, सायकलींची हँडलं यायची मळकी आणि जायची आरशासारखी. घासण्याधुण्याचं काम सासूसुनेचं, विजेचं आणि गिऱ्हाइकांचं मुलाचं. आणि धातू साफ करायच्या टाकीतलं अ‍ॅसिड कसं आहे हे ठरवायचं काम बाबांच्या नाकाचं. बाजारात त्यांना 'नाक'च म्हणत. टाकीवर वाकून एक श्वास घ्यायचे आणि सांगायचे, "दमलंय. ताजं एक जग घाला." कागदाच्या पट्ट्या बुडवून रंग बघत बसणाऱ्यांची ते मनसोक्त टिंगल करत.

सून नवी होती तेव्हा बाबांनीच तिला टाकीजवळ उभं करून सगळं समजावलं होतं. "टाकीतल्या निकेलच्या प्रत्येक अणूचे दोन इलेक्ट्रॉन हरवलेले असतात बघ. पाकीट मारलेल्या माणसासारखा तो पाण्यात भटकत असतो. वीज ते दोन त्याला परत देते, की लगेच तो पितळेला जाऊन बिलगतो. मग माझं-तुझं संपलं. धातूत इलेक्ट्रॉन सगळ्यांचे सामाईक, म्हणून तर ठोकला तरी धातूचे तुकडे होत नाहीत."

"मग सोलतो कसा कधी कधी?"

"मध्ये काही राहिलं तर. तेलाचं बोट, नाहीतर हवेतल्या ऑक्सिजनने धरलेली काळपट साय. अणू ते केवढे, तेवढी भिंतही त्यांना पुरते. तेल साबणाने जातं. साय अ‍ॅसिड खातं, पण ते ताजं पाहिजे."

आता अ‍ॅसिड दमत होतं आणि नाक काही बोलत नव्हतं. थंडीत बाबांना मोठा ताप आला, तेव्हापासूनचं हे. नासलेलं दूध ते साखर घालून शांतपणे प्यायले, तेव्हाच घरात सगळ्यांना कळलं होतं. भाजी करपून धूर झाला आणि ते शेजारी पेपर वाचत बसले होते, तेव्हाही. पण मुलगा म्हणे विजेचा दाब कमीजास्त होतोय. सासूबाई म्हणत साबणात भेसळ आहे. बाबा म्हणत हल्ली पितळच हलकं येतं. माल परत येऊ लागल्यापासून सून रोज सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन गुपचूप अ‍ॅसिड ओतत होती. आजही ओतलं होतं, नेहमीइतकंच. मग आजच इतकं का झोंबतंय, ते तिला कळेना. धुतलेल्याच कड्या ती पुन्हा धुवायला लागली. हात रिकामे ठेवण्याची सोय नव्हती.

"किती घातलंस?" सासूबाईंनी हळूच विचारलं.

"काय, आई?"

"माझ्यापुढे वेड पांघरू नकोस. मीही घातलंय."

दोघी एकमेकींकडे बघतच राहिल्या. अ‍ॅसिडची टाकी काठोकाठ भरली होती, थोडं अ‍ॅसिड फरशीवरही सांडलं होतं. तेवढ्यात बाबा आले. मागून नाकाला रुमाल लावून मुलगा आला. बाबांनी वळून पाहताच त्याने रुमाल खिशात टाकला आणि खोकला गिळला.

बाबा टाकीवर वाकले. भरभरून श्वास घेतला.

"फिकं वाटतंय जरा. एक जग घाला."

कुणी जागचं हललं नाही. बाबांचं मात्र लक्ष कोपऱ्यातल्या नव्या खोक्याकडे गेलं. दारांच्या मुठी होत्या. त्यांनी एक हातात तोलली. "जस्त आहे. असंच निकेलच्या टाकीत घातलं, तर टाकी जस्त खाऊन टाकेल. आधी तांब्याचा थर द्यायला हवा. मागचं पिंप काढतो."

मागच्या खोलीतल्या पिंपात तांब्याचा थर द्यायला लागणारं सायनाइड होतं, कधीचं बंद करून ठेवलेलं. अ‍ॅसिडचा थेंब जरी त्याला लागला, तरी कडू बदामाच्या वासाचा वायू सुटतो आणि मग विचार करायला वेळ मिळत नाही. पूर्वी एकदा तो सुटला होता. तेव्हा एकट्या बाबांना वास आला आणि त्यांनी सगळ्यांना अनवाणी रस्त्यावर पिटाळलं होतं. म्हणून तर सगळे जिवंत होते.

"हे काम दुसऱ्या कुणाला देऊ ना, बाबा," मुलगा म्हणाला. "पंखा धड नाही."

"पंखा धड कधी होता?"

"अहो, आधी चहा तरी घ्या," सासूबाई म्हणाल्या.

"वीज जाणार आहे म्हणे आज," मुलाने आणखी एक सबब पुढे करून पाहिली.

बाबांनी खुंटीवरची किल्ली काढली. त्यांचे बूट सांडलेल्या अ‍ॅसिडात भिजले आणि ओले ठसे उमटवत ते मागच्या खोलीकडे निघाले. सुनेच्या हातातली कडी बादलीत पडली. ती धावतच गेली आणि दाराला पाठ लावून उभी राहिली. पुढे काय बोलायचं, ते तिने ठरवलं नव्हतं.

"सरक गं पोरी."

ती सरकली नाही.

"भितेस कशाला? मी आहे ना," बाबा म्हणाले, अगदी प्रेमाने. "वास आला तर सांगेनच की मी."

"नाही सांगणार, बाबा," ती म्हणाली. "तुम्हाला वास येत नाही."